नव्व्याण्णव आणि मिलर्ड

हॅल्मर गावाच्या चारही सीमा व्हर्ना टोलेफसनच्या पायांना पाठ होत्या. मार्च महिन्यात ती त्या दोनदा फिरली, दोन्ही वेळा रबरी बूट घालून, आणि दोन्ही वेळा गाव तेवढंच भरलं. उत्तरेला रेल्वेचे रूळ, दक्षिणेला सूर्यफुलांचं शेत, पूर्वेला दफनभूमी आणि पश्चिमेला धान्याचं कोठार. कोठाराच्या पुढे नुसता वारा. दफनभूमीत गावाच्या चौपट वस्ती होती, पण तिला मोजायची परवानगी नव्हती.

व्हर्ना गावची कारकून. वय शहात्तर, त्यातली एकतीस वर्षं या खुर्चीत, कारण दुसऱ्या कुणाला ती खुर्ची नको होती. दर दहा वर्षांनी देशाची जनगणना येते. फॉर्म ज्याचा त्याने भरायचा असतो, पण हॅल्मरमध्ये ज्याचं त्याने करायचं काम शेवटी व्हर्नाच करते.

यंदा त्यात एक मेख होती. काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीने, ठरवलं होतं, की शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या गावात बर्फ काढणारी गाडी सकाळी सातच्या आत येईल; त्याखालच्या गावांत सवडीने. सवड म्हणजे केव्हा, हे काउंटीने लिहिलं नव्हतं. पण काउंटीची सवड हॅल्मरने अनुभवलेली होती. गावातल्या पुलाला कठडा बसायला अकरा वर्षं लागली होती, आणि तोही बसला पूल काढून टाकल्यावर.

व्हर्नाने घरोघर जाऊन फॉर्म भरून घेतले. हेगन नवरा-बायको पाच महिने ॲरिझोनात ऊन खातात, पण उरलेले सात महिने इथे तक्रारी करतात, म्हणून ती दोघं इथली. लोवेल स्टॅमने कुत्र्याला भाडेकरू म्हणून लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं. प्रीबिलबाईंची मुलगी शहरात कॉलेजात. तिची खोली अजून तशीच आहे, भिंतीवर घोड्यांची चित्रंसुद्धा आहेत, असं बाईंचं म्हणणं. व्हर्नाने सांगितलं, की घोड्यांचं विचारलेलं नाही. माणूस वर्षातल्या जास्त रात्री कुठे झोपतं, ते विचारलंय. तेव्हापासून व्हर्ना दिसली की प्रीबिलबाई रस्ता ओलांडून पलीकडे जात. गावाला रस्ता एकच असल्यामुळे हे काम सोपं नव्हतं, पण त्या ते मनापासून करत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे फॉर्म गेले. बेरीज अठ्ठ्याण्णव. राहिलं एकच घर, व्हर्नाचं. ती धरून नव्व्याण्णव, आणि तिचा नवरा मिलर्ड धरून शंभर.

मिलर्डला चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, आणि तेव्हापासून तो एक्केचाळीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात होता. व्हर्ना दर रविवारी गाडी काढून जायची. हिवाळ्यात सातची बर्फगाडी गेली की तिच्या मागोमाग निघायची.

सकाळी कोठाराच्या ऑफिसात कॉफीला जमणाऱ्या मंडळींनी बेरीज केव्हाच करून ठेवली होती. मेयर डुवेन कोल्स्टाड हा व्हर्नाचा शाळेपासूनचा सोबती. त्याने तिचा कप भरला, बशीतलं शेवटचं डोनट तिच्याकडे सरकवलं. त्यावरूनच तिने ओळखलं.

"मिलर्डची टोपी अजून तुझ्या खुंटीवर असते ना?" तो म्हणाला.

"असते."

"मग?"

"टोपीला फॉर्म नाही, डुवेन."

"तू म्हणतेस ना, यंदा उन्हाळा लागला की घरी आणते त्याला?"

"म्हणते."

"मग तो इथलाच झाला की. सध्या बाहेरगावी आहे, एवढंच."

मंडळींनी कपात पाहिलं. कुणी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर व्हर्नाला भांडता तरी आलं असतं. तिने डोनट अर्धं खाल्लं आणि फॉर्म पर्समध्ये तसाच ठेवून ती घरी आली. एकीकडे तिला पटत होतं. गाडी सातला आली नाही, तर रविवारी ती मिलर्डकडे जाणार कशी? त्याला गावात लिहिलं तरच त्याच्यापर्यंत पोचता येणार होतं. काउंटीच्या अकलेला एवढा पेच सुचणं शक्य नव्हतं. हे आपोआपच झालं होतं.

रविवारी तिने मिलर्डला सगळं सांगितलं. तो खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत, डावा हात मांडीवर ठेवलेला. बोलायचा सावकाश, पण शब्द चुकवायचा नाही.

"सोमवारी इथली बाई जनगणनेची यादी घेऊन आली होती," तो म्हणाला. "मी इथला म्हणून सांगितलं."

"मला विचारलं नाहीस?"

"तिने तुझ्याबद्दल विचारलंच नाही."

व्हर्नाने त्याच्या मांडीवरचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.

"उन्हाळ्यात घरी नेणार आहे मी तुला. पुढच्या दाराला उतार करून घेते, सुतार म्हणाला..."

"सुतार वारला, व्हर्ना. गेल्या वर्षी फुलं घेऊन तूच गेली होतीस. प्रीबिलांच्या पोरीला तू नाही म्हणालीस. ती निदान सुट्टीत घरी येते."

"आणि हिवाळ्यात मी यायचं कसं?"

"उशिरा ये."

"तेव्हा परतायला अंधार पडेल."

"मग नको परतूस. बॉयलरशेजारची खोली रिकामी आहे. उबदार असते."

"मी आले तर गाव अठ्ठ्याण्णववर जाईल."

"माझं काय जातंय," मिलर्ड म्हणाला. "मी इथला."

घरी आल्यावर व्हर्ना कोट न काढताच स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. या घरात किती माणसं राहतात, या प्रश्नापुढे तिने एक लिहिलं. एकतीस वर्षांत तिला सगळ्यात कमी शाई लागलेला कागद तोच, आणि वेळ मात्र जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत लागला. सोमवारी कोठारात तिने आकडा सांगितला. कोल्स्टाडने बराच वेळ टोपी डोक्यावर फिरवली. मग म्हणाला, काउंटीला विनंतीचं पत्र लिहावं लागेल. ते कोण लिहिणार, हे कुणी विचारलं नाही. व्हर्नाने लिहिलं. काउंटीचं उत्तर आलं, की विनंतीचा विचार सवडीने होईल.

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी पहिला मोठा बर्फ पडला. व्हर्ना कोट घालून सकाळपासून खिडकीत बसली. गाडी दीड वाजता आली. व्हर्ना वृद्धाश्रमात पोचली तेव्हा म्हाताऱ्यांच्या संध्याकाळच्या सूपच्या वाट्या मांडल्या जात होत्या. बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला, तेव्हा तिथल्या बाईने काही न विचारता बॉयलरशेजारच्या खोलीत पलंग घातला.

सोमवारीही रस्ता बंद. मंगळवारी सकाळी कोल्स्टाडचा फोन आला. रविवारनंतर गावात गाडी फिरकलेली नाही, लोवेल आपला ट्रॅक्टर काढतोय, काढेल असं वाटतं. मग म्हणाला, "व्हर्ना, वर्षातल्या जास्त रात्रींचा तो नियम. तू आता कुठली धरायची?"

"दहा वर्षांनी विचार," व्हर्ना म्हणाली.

फोन ठेवून ती मिलर्डच्या खोलीत गेली. त्याने एका हाताने पत्ते वाटून ठेवले होते, तिचेही. रस्ता उघडला का, असं त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली, आणि दोन दिवस हाताशीच ठेवलेला कोट त्याच्या कपाटात टांगून डावाला बसली.