दवाखान्यातली टाकी आणि उपटसुंभ फुलं

मित्रांनो, दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकासमोर जी जुनी काचेची टाकी उभी असते ना, ती मी. दाढदुखीने कळवळणाऱ्या माणसाचं मन रमावं म्हणून मला इथे आणलं. माझ्याकडे बघून आजवर एकाचीही दाढ दुखायची थांबलेली नाही, पण ते असो.

एका कारागिराने काच कापून, कडा घासून मला घडवलं. डॉक्टरांनी माझ्यात खारं पाणी भरलं, दगड रचले आणि समुद्रघोड्यांची एक जोडी सोडली. समुद्रघोडा पोहण्यात यथातथाच. शेपटीने कशाला तरी वेटोळं घालायचं आणि दिवस काढायचा, हा त्याचा संसार. पिल्लांची पिशवीसुद्धा बापाच्याच पोटाला. लोक सुजलेला गाल धरून माझं कौतुक करायचे. तोंड उघडेल तेवढंच, पण करायचे.

मग एका नव्या दगडाला चिकटून ते आलं. नखाएवढं, तपकिरी समुद्रफूल.

"अय्या, फूल!" एका पेशंटबाईंनी फोटोसुद्धा काढला.

फूल कसलं, डोंबल! तो एक प्राणी असतो. त्याच्या पाकळ्यांना शेपटी लागली की चटका बसतो, आणि समुद्रघोड्यांच्या तोंडातून सांडलेल्या घासावर तो फुकट पोसला जातो.

डॉक्टर माणूस भला. पण कुठेही काही चिकटलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी मास्क चढवला, दातांवरचं किटण काढायची आकडी घेतली आणि फूल खरवडून काढलं. वर ब्रशही फिरवला.

"बघ गं, कसं लख्ख झालं!"

काउंटरवरून त्यांची बायको म्हणाली, "ती आकडी परत कुणाच्या तोंडात जाणार नाही ना?"

"अगं, जुनी आहे ती!"

मित्रांनो, या फुलाचा चिमूटभर तुकडा राहिला तरी त्याचं नवं फूल होतं. मला हे ठाऊक होतं. पण टाकीला विचारतो कोण! थोड्याच दिवसांत एकाची वसाहत झाली. डॉक्टरांनी आणखी खरवडलं. वसाहतीचं शहर झालं. डॉक्टर आणखी जोमाने खरवडू लागले. शिकलेल्या माणसाच्या चिकाटीपुढे कुणाचं काय चालणार?

इकडे बापाची पिशवी टम्म फुगली होती आणि शेपूट टेकवायला जागा नव्हती. जिथे टेकवावी तिथे चटका. शेपटीचं टोक पांढरं पडलं. शेवटी त्याने बायकोचीच शेपूट धरली. पण तिलाही कुठे आधार होता? दोघं पाण्याच्या ओढीने पंपाच्या तोंडाकडे वाहत निघाली.

डॉक्टरांच्या बायकोने ते पाहिलं आणि धावत येऊन पंपाचं बटण बंद केलं.

"अहो, पेशंटची दाढ किडली की काय करता? नुसती वरून खरवडता?"

"छे! मुळापर्यंत औषध भरतो. वरून बंद करतो."

"मग या बिचाऱ्या समुद्रघोड्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

डॉक्टर आ वासून उभे राहिले. एरवी हे काम पेशंटचं.

मग त्यांनी दाढेच्या मुळात भरायची चुन्याची पांढरी पूड पाण्यात घट्ट कालवली आणि बोथट सुईच्या सिरिंजमध्ये भरली. जोडीला जाळीच्या डब्यात घालून दूरच्या कोपऱ्यात ठेवलं. पंप बंदच होता. मग एकेका फुलाच्या तोंडावर हलकेच लगदा सोडला.

"दुखलं तर हात वर करा," ते सवयीने म्हणाले. फुलाचे सगळेच हात वर होते.

सगळी एकदम मारली तर पाणी बिघडतं, म्हणून रोज थोडी थोडी. फुलं आतल्या आत आकसून विरली. आता एखादं डोकं वर काढतं, तेव्हा डॉक्टर आकडीकडे बघतात, बायको डॉक्टरांकडे बघते, आणि सिरिंज येते.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. टाकीत नवा दगड टाकण्याआधी काही दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून पाहा. आणि नको ते उगवलंच, तर ते कशाने वाढतं हे विचारा, मगच हात घाला. तुमच्या उत्साहाची किंमत आत राहणारे मोजतात.

आज सकाळी जोडीला डब्यातून सोडलं. बापाने दगडाच्या एका टोकाला शेपूट लावून पाहिली, झटकन काढली, पुन्हा लावली. चटका बसला नाही. मग घट्ट वेटोळं घातलं आणि पोट आवळायला लागला.

तेव्हा काचेवर टकटक करू नका. आत बाळंतीण आहे, आणि तो बाप आहे.