चार मिनिटांत बंद

माझं तोंड फटकळ, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सलाईनचा पंप चालवणारा प्रोग्राम मी बारा वर्षं फुकट सांभाळतोय. कुणीही घ्यावा, चूक दिसली तर कळवावी, जमलं तर दुरुस्तीही पाठवावी. पण त्याची एक रीत आहे. रीत सोडून कुणी नवखा आला की मी त्याला दारातूनच हाकलायचो. नसती कटकट हवीय कुणाला!

परवा बाबांना हृदयाच्या दुखण्यासाठी हॉस्पिटलात ठेवलं. उशाशी पंप, त्यात माझाच प्रोग्राम. मी कौतुकाने बघत होतो. सिस्टरांनी औषधाची पिशवी बदलली, पंपावरचा आकडा पुसला, पुन्हा घातला आणि दोनदा तपासला.

"असं का करता?"

"पिशवी बदलली की मेला आधीच्या पेशंटचा वेग धरून बसतो. बाबांना तासाला पाच मिली हवं, हा पन्नास सोडेल."

"मग कळवलं नाहीत?"

"कळवलं की! भाचीकडून शिकून दुरुस्तीसुद्धा पाठवली. चार मिनिटांत तक्रार बंद! वर उत्तर काय, तर 'आधी नियम वाचा, मग शहाणपणा शिकवा'. पुन्हा कोण जातंय तोंडघशी पडायला?"

ते उत्तर माझंच होतं. मी खाली आवारातल्या बाकावर बसून मोबाईलवर त्यांचा निरोप शोधला. दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी पहिली ओळ वाचून तो बंद केला होता. शेवटची ओळ अशी होती: काल आमच्या वॉर्डातल्या एक आजी यातच गेल्या, कृपया लवकर बघा.

मी आत गेलो. "सिस्टर, तो माणूस मीच." शरमेने मान वर होईना. "आजच दुरुस्त करतो."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते नंतर करा," त्या म्हणाल्या. "बाबांना आत्ताच वरच्या मजल्यावर हलवलं. तिथला पंप वेगळा, त्याच्यावर आधी कोण होतं देव जाणे. आकडा पुसायचं वर कितीदा सांगितलं, पण तिथे रोज नवीन माणसं."

मी जिन्याकडे धावलो. वर, नवी पिशवी लावा म्हणून पंप वाजत होता. अर्ध्या जिन्यात असतानाच तो वाजायचा थांबला.