ज्ञानवलय

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पालक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले होते. व्यासपीठावर सात मुलं एकमेकांचे हात धरून अर्धगोलात बसली होती. सहा जणांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. उघड्या डोळ्यांच्या पहिल्या मुलापुढे ज्ञानवलयाचे वर्ग चालवणाऱ्या आचार्यांनी आकडा लिहिलेला एक पत्ता धरला, त्याच्या टाळूवर हलकेच फुंकर घातली आणि माईकवरून सांगितलं, की आता ज्ञान एका मेंदूतून सातही मेंदूंत वाहील, पुस्तकांचं ओझं संपलं, यालाच म्हणतात मिळून शिकणं. अर्ध्या मिनिटात टोकाची मुलगी म्हणाली, "अडुसष्ट." पत्त्यावर अडुसष्टच लिहिलं होतं. पुढच्या पत्त्यावर शब्द होता, समुद्र. तोही तिनं ओळखला. टाळ्या थांबेनात.

गणिताच्या बाई पायऱ्यांपाशी उभ्या होत्या. आचार्यांचं फुंकरमास्तर हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पण आज त्यांना हसू येत नव्हतं. महिन्यापूर्वीपर्यंत आठवड्यातले दोन तास त्यांची मुलं चौघाचौघांत बसायची. एकाच गणिताचे चार तुकडे चौघांना वाटलेले असायचे. आपला तुकडा बाकीच्यांना समजावून दिल्याशिवाय कुणाचंच उत्तर निघायचं नाही. गोंगाट व्हायचा, रुसवेफुगवे व्हायचे, पण गणित यायचं. मुख्याध्यापकांनी ते तास ज्ञानवलयाला देऊन टाकले. टोकाला बसलेल्या मुलीला वाचताना अक्षरं उलटसुलट दिसायची. बाई तिला रोज शाळा सुटल्यावर वाचायला बसवायच्या. तिच्या बसचालक वडिलांनी येऊन हात जोडले होते: आता त्रास घेऊ नका, पोरीला आतून दिसायला लागलंय.

बाई मुलांच्या हातांकडे बघत राहिल्या. नवा पत्ता आला. पहिल्या मुलाच्या मनगटाची शीर उडाली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. तीनदा. जरा थांबून सातदा. टोकाहून आवाज आला, "सदतीस."

बाई वर चढल्या आणि म्हणाल्या, एक पत्ता माझा घ्या. परक्या पत्त्यावर ज्ञानाच्या लहरी चालत नाहीत, असं आचार्य सांगू लागले. तेवढ्यात बसचालकच उठले. पोरीवर त्यांचा भलताच भरवसा होता. "घेऊ द्या की," ते म्हणाले. "होऊन जाऊ दे."

बाईंनी कागदावर लिहिलं: शिंक. पहिल्या मुलानं कागद पाहिला, मग आचार्यांकडे पाहिलं. एकही शीर हलली नाही. बऱ्याच वेळानं मुलगी पुटपुटली, "मला काहीच आलं नाही."

संशयानं वलय तुटलं, असं आचार्यांनी जाहीर केलं. कुणीतरी बाईंना खाली उतरायला सांगितलं. त्या उतरल्या नाहीत. त्यांनी बसचालकांना वर बोलावलं, दोन मिनिटं कानात काही सांगितलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि लेकीचा हात त्यांच्या हातात दिला. मुलांना म्हणाल्या, रोजच्यासारखंच करा, फक्त आज टोकाला हे. मग आचार्यांच्याच गठ्ठ्यातला पत्ता पहिल्या मुलाला दाखवला.

"एक्केचाळीस," बसचालक म्हणाले. टाळ्या सुरू होण्याआधीच त्यांनी पट्टी ओढून काढली. "हात दाबतात. चारदा, मग एकदा. एवढंच आहे हे."

शब्दांचंही तसंच निघालं. गठ्ठ्यात शब्द बाराच. मुलांनी ते क्रमानं पाठ केलेले. आधी एक लांब दाब, मग शब्दाचा क्रमांक. शिंक त्या बारांत नव्हती.

वडिलांनी लेकीला विचारलं, तू बोलली का नाहीस.

ती खाली बघत म्हणाली, "आचार्य सर म्हणाले, सांगितलंस तर सगळ्यांची विद्या जाईल. तुझ्यामुळे."

बाईंना शिसारी आली. हातचलाखी एक वेळ सोडून देता आली असती. पण अकरा वर्षांच्या पोरीच्या मानेवर असा धाक ठेवून हा माणूस रोज फुंकर घालत होता. आणि आताही तो शांतपणे पत्ते गोळा करत होता. मुख्याध्यापक चाचरत म्हणाले, मुलांची एकाग्रता तरी वाढली.

"वाढली ना," बाई म्हणाल्या. "सात मुलांनी मिळून महिनाभर एक खोटं घोकलं. तेवढ्यात हिची चार पानं वाचून झाली असती."

दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा वाचायला बसली. पहिल्या ओळीला दहा मिनिटं लागली. वडील बाकावर बसून ऐकत होते.

ज्ञान हातातून हातात वाहत नाही. ते समजावून सांगावं लागतं, ऐकावं लागतं, चुकून पुन्हा मांडावं लागतं. याहून सोपी वाट कुणी दाखवली, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. आणि प्रश्न तुमचा असू द्या, त्याचा नको.