दोन्झो दाराशी

राइस कुकरचं बटण खट्‌कन वर उडालं आणि चिझुरु दचकली. भात झाला. म्हणजे तांदूळ लावून ती टेबलाशी बसली, तेव्हापासून पानावर एक नवी रेघसुद्धा उमटली नव्हती. लेखणीच्या टोकावर शाई वाळून गेली होती. लेक बालवाडीतून यायच्या आत पान पुरं करायचं, असं सकाळीच ठरवलं होतं. तिची सगळी कामं अशीच, भांडी आणि भात यांच्या मधल्या फटीत व्हायची.

चित्रकथेच्या त्या पानावर बाकीचं सगळं तयार होतं. उघडं दार, दाराबाहेर साचलेला बर्फ, हाताची घडी घालून उभी असलेली छोटी नायिका. रिकामा होता तो शेवटचा चौकोन. त्यात दोन्झोनं गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून माफी मागायची होती. वाकताना पाठीवरचं बोचकं घसरून त्याच्या डोक्यावरून पुढे आपटायचं होतं.

काळोखसम्राट दोन्झो! अख्खं जग जिंकायला निघालेला, पण कुणाच्या घरात चोरपावलांनी शिरायचं असलं तरी आधी दाराशी बूट काढून, कमरेत वाकून, हळू आवाजात म्हणणारा, "त्रास द्यायला आलोय हं, माफ करा." जपानात कुणाच्याही घरी पाऊल टाकताना सगळेच जण म्हणतात ते वाक्य. पण खलनायकानं म्हटलं की घर जागं होतं, आणि दोन्झोला मार खाऊन अनवाणी पळावं लागतं. मासिकाच्या वाचकांनी पहिल्याच महिन्यात त्याला डोक्यावर घेतलं. नायिकेचं नाव लोकांना आठवायचं नाही, दोन्झोचं मात्र पोराटोरांना पाठ. चिझुरुनं याआधी दोन मालिका काढल्या होत्या. दोन्ही अर्ध्यात बंद पडल्या. या तिसरीनं मात्र तिला नाव मिळवून दिलं.

बोचक्याची गंमत तिनं संपादकांना फोनवर बोलता बोलता सांगितली होती. निशिवाकीसान इतके हसले की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. "सेन्सेई," ते तिला मानानं म्हणायचे तसं म्हणाले, "हे तुम्हाला सुचतं तरी कसं!"

तिला ते सुचलं नव्हतंच. आठवलं होतं.

तिचे वडील तोकुजी हे तोयामाचे औषधवाले. घरोघरी औषधांची पेटी ठेवायची, वर्षानं परत जायचं, जे वापरलं गेलं असेल ते भरून द्यायचं. सगळा संसार पाठीवरच्या बोचक्यात. लहानपणी एकदा थंडीत ती हट्टानं त्यांच्याबरोबर गेली होती. एका मोठ्या घरात, नव्याकोऱ्या चटईवर बसल्याबसल्या तिला लघवी झाली. घरमालकीण ओरडली. वडिलांनी तिला पाठीशी घातलं आणि कपाळ जमिनीला टेकलं. तेव्हा ते बोचकं मानेवरून घसरून त्यांच्या डोक्यावर आलं, पुड्या चारी बाजूंना घरंगळल्या. मालकीण तोंडावर हात धरून हसायला लागली. मग बाबाही हसले, बोचक्याखालून. आणि प्रकरण मिटलं.

चिझुरुनं लेखणी शाईत बुडवली. एकदा सुरुवात झाल्यावर हात अडला नाही, याचीच तिला जास्त लाज वाटली. गुडघे, वाकलेली पाठ, घसरलेलं बोचकं. झकास उतरलं होतं. कुणीही हसलं असतं.

खालून बेल वाजली. निशिवाकीसान पान न्यायला स्वतःच आले होते. चिझुरु अजून कागदावर काढायची, म्हणून ही पायपीट त्यांच्या नशिबी.

"सेन्सेई, वाळलं का? वाळू द्या, वाळू द्या, मी थांबतो." त्यांनी टेबलावर ओणवून पान पाहिलं आणि गुडघ्यावर थाप मारली. "अहो काय हे! छापखान्यातली माणसं मशीन थांबवून हसतील!"

तेवढ्यात बाहेरचं दार सरकलं.

"त्रास द्यायला आलोय हं, माफ करा," दाराशी हळू आवाज आला.

आई गेल्यापासून दोन वर्षं बाबा इथेच राहत होते. घरचं माणूस बाहेरून आलं की "आलो गं" म्हणतं. बाबा मात्र लेकीच्या घरात शिरताना रोज पाहुण्याचं वाक्य म्हणायचे. चिझुरुनं पहिल्या दिवसांत एकदोनदा सांगून पाहिलं, "बाबा, आपलंच घर आहे." ते "हो हो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिनं सांगणं सोडलं. आणि पुढे ते वाक्य तिनं उचलून दोन्झोच्या तोंडी घातलं.

निशिवाकीसान चटकन वळले. दाराशी एक कृश म्हातारा कमरेत वाकून उभा होता, पाच वर्षांच्या नातीचं दप्तर पाठीला लावून. संपादकांच्या तोंडून हसू फुटलंच.

"सेन्सेई! अहो हा तर... हुबेहूब..." आणि चिझुरुचा चेहरा दिसताच त्यांनी हसू आवरलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"आजोबा, तुम्ही दोन्झोसारखं बोलता ना, म्हणून," मागून आलेली नात कोतोहा बूट भिरकावत म्हणाली. "आमच्या वर्गातले सगळे म्हणतात. हिचे आजोबा म्हणजे दोन्झो!"

"हो ना. पोरं मला फाटकातच घेरतात," बाबा निशिवाकीसानना कौतुकानं सांगू लागले. "म्हणतात, आजोबा, म्हणून दाखवा, म्हणून दाखवा. मला वाटलं, तोयामाची बोली ऐकून गंमत वाटत असेल. हा दोन्झो कोण?"

चिझुरुनं मासिकं कपाटाच्या तळाशी ठेवली होती. बाबांना मासिकातले ते बारीक चौकोन दिसत नाहीत, या एका गोष्टीवर तिनं इतके दिवस काढले होते. पण कोतोहानं त्यांचा हात धरून त्यांना टेबलाशी ओढत आणलंसुद्धा. "हा बघा! आईनं काढलाय!"

बाबांनी चष्मा लावला. हे मूळ पान छापील पानाहून बरंच मोठं होतं. पानाला हात न लावता, हात पाठीमागे बांधून ते वाकले. दार पाहिलं. बर्फ पाहिला. शेवटच्या चौकोनापाशी त्यांची नजर थांबली आणि तिथून हलेना. चिझुरु त्यांच्या मानेकडे बघत उभी होती. वाटलं, ओरडावं त्यांनी. "लाज नाही वाटत?" असं विचारावं.

"बोचकं असंच यायचं खरं," बाबा म्हणाले. "गाठ खाली बसली की." आणि ते हसले. तेच हसू. तिनं ते इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकलं.

"बाबा, मी हे पान बदलते," ती घाईघाईनं म्हणाली. "निशिवाकीसान, मला उद्यापर्यंत..."

"उद्या?" निशिवाकीसाननी मान खाली घातली. "सेन्सेई, पान आजच जायचंय. पण तुम्ही म्हणत असाल तर मी... बघतो काय करता येतं."

त्यांना काहीही करता येणार नव्हतं, हे तिघांनाही कळत होतं.

"कशाला बदलतेस? साहेब खोळंबलेत," बाबा म्हणाले. मग ते निशिवाकीसानकडे वळले, दोन्ही हात मांड्यांवर सरळ ठेवून खाली वाकले. "आमच्या मुलीला तुम्ही सांभाळून घेता. फार उपकार आहेत. यापुढेही लोभ असू द्या."

निशिवाकीसान त्यांच्याहून खाली वाकले. बराच वेळ दोघंही वर येईनात.

शेवटी चिझुरुनंच पान पाकिटात घातलं. दुसरं कुणी घालायच्या आत, स्वतःच्या हातांनी. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर बाबांनी अडवलं नसतं. तेही तिला ठाऊक होतं. तिनं उघडलं नाही. निशिवाकीसान गेल्यावर तिनं भात वाढला, बाबांनी नेहमीसारखे हात जोडून खाल्ला, लोणचं आज छान मुरलंय म्हणाले.

अंक बाजारात आला त्या आठवड्यात कोतोहाला आणायला ती स्वतःच निघाली. बाबांना तिनं सांगितलं होतं, आता मीच जात जाईन. पण जिन्यावर शेजारीण भेटली, बोलण्यात वेळ गेला, आणि ती पोचते तोवर बाबा बाजारातून परस्पर तिथे गेलेले.

फाटकातून पोरांचा गलका लांबूनच ऐकू आला.

"दोन्झो! आज नवीन करा! बोचकंवालं!"

"कुठलं बोचकंवालं?" बाबांचा आवाज. "माझ्याकडे बोचकं कुठंय, राजा?"

"दप्तर आहे की! कोतोहाचं दप्तर घ्या!"

चिझुरु धावली. पण फाटकाशी आयांची गर्दी होती, आणि तिला पुढे जायला "जरा वाट द्या" म्हणावं लागलं असतं. तिनं ते म्हटलं नाही, नुसत्या टाचा उंचावल्या. खांद्यांच्या मधून तिला दिसलं: बाबांनी दप्तर पाठीला अडकवलं, पट्टे सैल केले. मैदानातल्या मातीत आधी एक गुडघा टेकला, मग हाताचा आधार घेत दुसरा. कपाळ खाली नेलं. दप्तर सरकत सरकत मानेवरून डोक्यावर आलं, आणि आतली डब्याची पिशवी, रुमाल, खडू मातीत सांडले.

पोरं लोळायला लागली. आया हसल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "कोतोहाचान, तुझे आजोबा म्हणजे नटच आहेत गं!"

बाबा उठले. उठायला वेळ लागला. गुडघे झटकताना त्यांना गर्दीत लेक दिसली, आणि त्यांचा चेहरा एकदम ओशाळा झाला, जणू चोरी करताना तेच पकडले गेले होते. तिला बघून त्यांनी मान किंचित लववली, आणि खडू गोळा करायला पुन्हा खाली वाकले.

घरी जाताना ते पुढे चालत होते, एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात बाजारातला मुळा. पँटच्या गुडघ्यांवर माती तशीच होती. चिझुरु मागे राहिली होती. कोतोहानं तिचं बोट धरलं होतं आणि ती नेहमीसारखी उड्या मारत नव्हती.

"आई, आम्ही पण खेळतो ना, तेव्हा दोन्झो कुणालाच व्हायचं नसतं."

"हं."

"म्हणून आम्ही आधी जांकेन करतो. दगड, कात्री, कागद. जो हरेल तो दोन्झो. त्यानं मग नाही म्हटलं तर चालतच नाही, व्हावंच लागतं."

चिझुरुनं तिचा हात घट्ट धरला. पुढे बाबा वळणावर थांबले होते, दोघींसाठी, रस्त्याच्या कडेला अंग चोरून.

"आई," कोतोहानं वर बघत विचारलं, "आजोबा कुणाशी हरले?"