पाऊस अडवणारे म्बाह

"म्बाह, पाण्याला हात लावला नाहीत ना?" निंग्रुमनं कमरेवर हात ठेवून दरडावलं.

"नाही गं बाई. सकाळपासून घोटसुद्धा नाही," म्हातारा तुकिरान म्हणाला.

योग्याकार्तात लहानथोर सगळे त्याला म्बाह, म्हणजे आजोबाच म्हणत. पाऊस अडवणं हा त्याचा धंदा. लग्न असो की जत्रा, उलटा खराटा रोवायचा, काड्यांना मिरच्या-कांदे टोचायचे आणि उपाशीपोटी बसायचं. मधेच थेंबभर पाणी अंगाला लागलं तर सगळं ओम्फस, हे तिथलं शेंबडं पोरही जाणून होतं.

आज नदीकाठी पोरांनी पोरांसाठी भरवलेला कलामेळा होता, सगळ्यांना फुकट. नाटक, मुखवटे, गाणी सारं पोरांच्या समितीनं ठरवलेलं आणि अकरा वर्षांची निंग्रुम अध्यक्ष. मोठ्यांनी बांबूच्या कुंपणाबाहेर चहा पीत बसायचं, आत येऊन हुकूम सोडायचे नाहीत. आत फक्त म्बाह. इतका मान त्याला कुठल्या लग्नात मिळाला नव्हता, म्हणून तो ठेवणीतला बाटिकचा सदरा घालून आला होता.

डोक्यावर लख्ख ऊन होतं. पण उत्तरेला मेरापी डोंगर काळ्या ढगांत पार बुडाला होता आणि नदीचा आवाज बदलला होता. तुकिराननं वाकून पाहिलं. पाणी राखेसारखं करडं झालेलं, त्यातून ओल्या फांद्या येत होत्या. तळाशी दगडावर दगड आपटत होते.

"निंग्रुम, आवरा! सगळ्यांना वर रस्त्यावर ने. डोंगरावर पाऊस कोसळतोय, नदी येणार."

"काहीतरीच! तुम्ही असताना?" ती हसली. "बघा की, कसलं ऊन पडलंय!"

"अगं, डोंगरावरचं माझ्या हातात नाही."

"श्श! नाटक सुरू झालंय."

तो कुंपणाकडे धावला. "पोरांना बाहेर काढा!"

"आत आमचं काय चालतंय, म्बाह?" एक बाप चहाचा घोट घेत म्हणाला. "अध्यक्षबाईंची परवानगी आणा आधी!" बाकीचे खिदळले.

दगडांचा आवाज वाढला. तुकिरान तसाच रंगमंचावर चढला. कोपऱ्यात रंग कालवायच्या पाण्याची बादली होती. त्यानं ती उचलली आणि सगळ्यांदेखत डोक्यावर उपडी केली.

कुणीतरी किंचाळलं, "म्बाह भिजले! आता काही खरं नाही!" आणि पोरं मुखवट्यांसकट रस्त्याकडच्या पायऱ्या चढत सुटली.

सगळ्यांच्या मागून तुकिरान धापा टाकत वर पोचला आणि नदी आली. चिखल-दगडांचा लोंढा रंगमंचाला मुळापासून उचलून घेऊन गेला.

"पाण्याला शिवला आणि नदी आणली मेल्यानं," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं. नदी आपल्यामुळे आली नाही, याची खरं तर तुकिरानलाही खात्री वाटेना. जन्मभर ज्यावर भरवसा ठेवला, ते आजच खोटं कसं म्हणायचं?

"तुम्ही मुद्दाम केलंत!" निंग्रुम हुंदके देत होती. "किती खपलो होतो आम्ही!"

"पोरं सगळी आली ना गं वर?"

"आली!" ती फणकारली. "पण पुढच्या वर्षी तुम्ही यायचं नाही. हात वर करा रे सगळ्यांनी!"

रंगानं माखलेले हात भराभर वर गेले. तुकिराननं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे नीट पाहिले. एकही खाली नव्हता.

"बरं, बाळांनो," तो म्हणाला. "नाही येणार."