राहिलेला चैत्य

सुबर्णची बस त्रिशूलीत गेली त्याला वर्ष व्हायला आलं, तरी त्याच्या घरात अजून कोणी रडलं नव्हतं. रडायची परवानगीच नव्हती. नेपाळातल्या पाटणातून पोखऱ्याला मूर्ती पोचवून परत येताना घाटात दरड कोसळली आणि बस नदीत गेली. काही माणसं मिळाली, काही नाही. न मिळालेल्यांत सुबर्ण. "प्रेत दाखवा, मग बोला," असं त्याच्या आईने, ज्ञानमायाने, पहिल्याच आठवड्यात भावकीला सुनावलं. तिच्या जिभेपुढे पाटणात सहसा कोणी टिकत नसे. सून रोजिना भांगात शेंदूर भरायची आणि रोज संध्याकाळी नवऱ्याच्या वाट्याचाही भात शिजवायची. तो भात सकाळी सासू मुकाट्याने खायची. टाकायचा, तर तो येणार नाही हे कबूल करावं लागलं असतं.

आता मतया, दिव्यांची यात्रा, तोंडावर आली होती. वर्षभरात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी त्या दिवशी पहाटे अनवाणी निघायचं आणि शहरातल्या प्रत्येक बहालात म्हणजे विहाराच्या अंगणात, प्रत्येक चौकात शिरून प्रत्येक चैत्यापुढे दिवा लावायचा. एकही चैत्य सुटता कामा नये. सुटला, तर गेलेल्याच्या वाटेवर तेवढा अंधार राहतो, हे पाटणातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि हे त्याच वर्षी करायचं. राहिलं की कायमचं राहिलं.

"मां, मी मतयाला जाते," रोजिना एका सकाळी म्हणाली.

"कुणासाठी?"

"कुणासाठी ते तुम्हाला माहीत आहे."

"जित्या माणसाच्या नावाने दिवे लावणार? जीभ झडली नाही तुझी?"

रोजिनाने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. "जिवंत असेल, तर वाती फुकट गेल्या म्हणायचं. पण नसेल, तर तो तिकडे चाचपडत असेल, मां. मला झोप लागत नाही. मी सवाष्ण आहे की विधवा, ते तरी मला कोणी सांगा. आरशात बघायची लाज वाटते."

 दोन दिवसांनी भाजी चिरता चिरता ज्ञानमाया म्हणाली, "मीही येते. एकटीला पाठवली, तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

रोजिनाने तिचे पाय धरले. बिचारीला काय ठाऊक, म्हातारीच्या मनात काय शिजतंय ते! ज्ञानमाया सगळीकडे जाणार होती, सगळीकडे हात जोडणार होती, आणि एकच चैत्य मुद्दाम सोडणार होती. एक चैत्य सोडला की मतया पुरी होत नाही, आणि पुरी झाली नाही म्हणजे सुबर्ण मेलेल्यांत जमा होत नाही. कोणता सोडायचा, तेही ठरलेलं होतं. तिच्या माहेराच्या मागच्या चौकातला, खांद्याएवढा, ज्यावर लहानपणी सुबर्ण चढायचा आणि आजोबांचा मार खायचा. गाव गप्प, सून खूश, मुलगा जिवंत. इतका सोपा हिशोब एखाद्या वेड्या आईलाच सुचतो.

मतयाच्या दिवशी उजाडायच्या आत रांग सुटली. पुढे म्हशीच्या शिंगाची वाद्यं फुंकणारे, मागे शेकडो माणसं, एकामागे एक. कुणाच्या टोपलीत तांदूळ, कुणाच्या वाती, शेंदूर, फुलं. ज्ञानमायाच्या मागे रोजिना होती आणि तिच्या मागे आशाकाजी, ठोकणीच्या कामाने पाठ वाकलेला म्हातारा तांबट. त्याची सहा वर्षांची नात तापाने गेली होती. तिचे आईबाप परदेशात, म्हणून तो एकटाच निघाला होता.

"आजू, या वयात झेपेल का?" रोजिनाने विचारलं.

"न झेपून सांगतो कुणाला, पोरी? पोरगी अंधाराला भ्यायची. शेजारच्या खोलीत जायचं तरी माझं बोट धरायची." मग तो हसला. "तुझ्या सासूची चाल बघ. मेली घोडीसारखी पळतेय. जरा हळू घे म्हणावं."

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात. मतयात ते चालत नाही. तिथे मागचा पुढच्याच्या टाचांवर नजर ठेवतो आणि त्या जातील तिकडे जातो. शेकडो गल्ल्या आणि बुटके दरवाजे कोणाच्या लक्षात राहणार? हे ज्ञानमायाला जन्मापासून माहीत होतं. पण त्या दिवशी तिला तिच्या मुलाखेरीज काहीच दिसत नव्हतं.

दुपारनंतर तिने मुद्दाम पाऊल रेंगाळत टाकलं. वात लागत नाही असं दाखवून पुढची माणसं दिसेनाशी होऊ दिली. माहेरच्या गल्लीत डावीकडे त्या चौकाचा बुटका दरवाजा आला. ज्ञानमायाने मान फिरवली नाही. ती सरळ गेली आणि पुढच्या चौकातून बाहेर पडणाऱ्या रांगेच्या शेपटाला जाऊन मिळाली.

"मां..." रोजिना मागून हळूच म्हणाली.

"चल गप. पाय उचल."

रोजिना चालली. तिच्यामागे आशाकाजी आणि मागची सगळी माणसं. ज्ञानमायाला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की पुढच्या चैत्याला तिने जास्तीचं फूल वाहिलं.

संध्याकाळी रांग संपली. लोक पायऱ्यांवर बसून पायांतले खडे काढू लागले. कोणी पोहे वाटत होतं, कोणी गरम पाणी ओतत होतं. आशाकाजीची टाच फाटून रक्त येत होतं, पण चेहरा निवला होता. "पोचली पोरगी," तो स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात ज्ञानमायाची भाची रिकामा पेला हातात घेऊन आली. दिवसभर ती त्या माहेरच्या चौकात सरबत घेऊन बसली होती. "आत्या, तुमची किती वाट बघितली! अर्धीच रांग आली आणि मग कोणी फिरकलंच नाही. आजू, तुम्हीसुद्धा आला नाहीत."

आशाकाजीच्या हातातला पोह्यांचा द्रोण तसाच राहिला. "कुठे आलो नाही?"

भाचीने चौक सांगितला. मागे बसलेली माणसं एकेक करत उठली. "म्हणजे आपलं सगळ्यांचंच राहिलं?" "पुढे कोण होतं?"

"मी होते," ज्ञानमाया म्हणाली. "दार चुकलं."

"माहेरचं दार चुकलं?" गर्दीतून एक बाई कडाडली. तिचा नवरा चैत्रात गेला होता. "आंधळी झालीस की सटवी झालीस?"

ज्ञानमाया खाली वाकून पायातला खडा काढू लागली.  आशाकाजीने भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला, बसला, पुन्हा उठला. "चला," तो म्हणाला. "अंधार पडायच्या आत जाऊन येऊ. पोरगी तिथे थांबली असेल."

 ज्ञानमायाने जाऊन म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला. तिला स्वतःची किळस आली होती आणि ती लपवायला तिच्याकडे जागा नव्हती.

सगळे परत निघाले. दारापाशी आल्यावर तिने म्हाताऱ्याला पुढे करायचा प्रयत्न केला. तो जागचा हलला नाही. "रांग सकाळी लागली तशीच लागते," तो म्हणाला. "तू पुढे होतीस. तुझा दिवा आधी."

ती वाकून आत गेली. चौकात संधिप्रकाश होता. तिने वात ठेवली, काडी ओढली आणि हात तसाच धरला. काडी बोटापर्यंत जळून विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मागे दारात रोजिना उभी होती, तिच्या मागे आशाकाजी एका पायावर, त्याच्या मागे ती बाई आणि गल्लीभर माणसं. कोणी खाकरत नव्हतं, कोणी घाई करत नव्हतं. आपापलं मेलेलं माणूस घेऊन सगळे तिच्यासाठी खोळंबले होते.

"मला कळलं होतं, मां," रोजिना अगदी हळू म्हणाली. "दार आलं तेव्हा कळलं होतं. मीही वळले नाही."

ज्ञानमायाने तिसरी काडी ओढली. वात लागली. "सुबर्ण," ती म्हणाली, आणि मग चौकातल्या दगडावर कपाळ टेकून असा हंबरडा फोडला, की गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तो नदीतच होता. पहिल्या दिवसापासून नदीतच होता.

रोजिनाने तिला काखेत हात घालून उचललं. 

"उठा, मां," ती म्हणाली. "मागे माणसं आहेत."