दिव्याचं नाव

देवबागच्या बालवाडीत योगिनी मुलांना शिंपले मोजत आकडे शिकवायची, वाळूत अक्षरं गिरवून घ्यायची. "पोरां नुसती खेळतत," अशी आयांनी कुरकुर केली की ती म्हणायची, "माजी दिव्यापण हयच शिकता मा?"

जूनमधल्या एका सकाळी दिव्या टाय लावून रिक्षात बसलेली दिसली. नवऱ्याने, निलेशने, परस्पर तिचं नाव मालवणच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं.

"खेळतानाच पोरां शिकतत, असा बालवाडीसाठी घराघरात फिरान तुमीच लोकांका सांगलात ना?" योगिनीने त्याला विचारलं.

"ता लोकांच्या पोरांसाठी," निलेश म्हणाला.

बालवाडीच्या दारात एका आईने विचारलं, "योगिनीबाय, दिव्या खंय आसा?"

योगिनीने खरं ते सांगितलं. ती बाई मुलाला घेऊन परत फिरली. मागोमाग आणखी पाच जणी गेल्या. योगिनीला कुणालाच अडवता आलं नाही.